क्रोमबुकला लॅपटॉप म्हणायचं का? आधी टॅलीचं विचारा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले: मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे. तालुक्याच्या दुकानात साडेसतरा हजारांना क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या सिस्टीमवर चालणारं) मिळतंय, वजनाला हलकं, बॅटरी दिवसभर पुरते म्हणतात. तुमचा भाचा म्हणतो, “मावशी, हा लॅपटॉपच नाही, नुसता ब्राउझर आहे. नेट गेलं की डबा.” गावात रेंज ये-जा करते, पावसाळ्यात लाइटही जाते. तर घ्यावं की नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. भाच्याचं म्हणणं चुकीचं आहे, क्रोमबुक हा खराच लॅपटॉप आहे. तरीही तुमच्या मुलीसाठी तुम्ही तो घेऊ नका. त्याचं कारण नेट नाही, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे.

मी गेली 22 वर्षं सातारा जिल्ह्यात संगणकाचं प्रशिक्षण केंद्र चालवते आणि सोबत दुरुस्तीचं कामही करते. शिकवायला बसलं की कोणाला काय लागतं ते कळतं आणि दुरुस्तीला बसलं की कोण कुठे फसलं ते. हा प्रश्न माझ्याकडे दर जून-जुलैत येतो आणि प्रत्येक वेळी त्यामागे कुणाच्या तरी घरातले वर्षभर साठवलेले पैसे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रोमबुकची खालची बाजू उघडली की आत काय दिसतं? बरीचशी जागा बॅटरीने व्यापलेली, कोपऱ्यात एक लहानसा मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर, रॅम आणि साठवणीची चिप. बहुतेक स्वस्त मॉडेलांत पंखाही नसतो, त्यामुळे आवाज नाही आणि धूळ ओढली जात नाही. म्हणजे भाच्याच्या विंडोज लॅपटॉपात जे भाग आहेत तेच इथे आहेत, फक्त बेताचे. वेगळी आहे ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिचं नाव क्रोमओएस. तिचा गाभा लिनक्स या मोफत सिस्टीमचा आहे आणि त्यावरची सगळी मांडणी क्रोम ब्राउझरभोवती केलेली आहे. गूगलने ती 2009 मध्ये जाहीर केली आणि सॅमसंग व एसरची पहिली क्रोमबुकं 2011 च्या मध्यावर विक्रीला आली. त्या पहिल्या यंत्रांबद्दल भाचा जे म्हणतोय ते बऱ्याच अंशी खरं होतं. ब्राउझर उघडायचा, संकेतस्थळं पाहायची, आणि नेट गेलं की फारसं काही हातात उरायचं नाही.

त्यानंतर मात्र बरंच बदललं. 2012 मध्ये गूगल डॉक्समध्ये नेटशिवाय लिहिण्याची सोय आली. 2016 पासून अँड्रॉइडची ॲप क्रोमबुकवर चालू लागली. 2018 मध्ये त्यात लिनक्सचे प्रोग्रॅम बसवायची सोय झाली. आजचं क्रोमबुक आणि 2011 चं क्रोमबुक यांच्यात नाव तेवढं सारखं राहिलं आहे.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी केंद्रातल्या एका क्रोमबुकचं वायफाय बंद केलं आणि दुपारभर त्यावरच काम केलं, कारण अशा गोष्टी आठवणीतून सांगण्यापेक्षा करून पाहिलेल्या बऱ्या. पासवर्ड टाकून आत गेले, काही अडलं नाही. पहिल्यांदा खातं जोडताना नेट लागतं, पुढे त्या यंत्रावर ते खातं नेटशिवायही उघडतं. डॉक्समध्ये दोन पानांची सूचना मराठीत टंकली, शीट्समध्ये हजेरी भरली. हे जमलं ते केवळ गूगल ड्राइव्हच्या, म्हणजे फाइली नेटवर ठेवायच्या जागेच्या, सेटिंगमधला ऑफलाइनचा पर्याय मी आधीच चालू करून ठेवला होता म्हणून. तो चालू केलेला नसेल तर नेट गेल्यावर करता येत नाही, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. संध्याकाळी वायफाय सुरू केल्यावर दोन्ही फाइली आपोआप ड्राइव्हवर जाऊन बसल्या. पेन ड्राइव्हवरच्या पीडीएफ उघडल्या, फोटो उघडले, शिकवणीचा व्हिडिओ चालला. फोनसारखं आधी उतरवून ठेवलेलं शब्दकोशाचं ॲपही चाललं.

अडलं ते एका ठिकाणी. पेन ड्राइव्हवरची वर्डची फाइल उघडायला गेले तर ती गूगल ड्राइव्हवर चढवायला म्हणून नेट मागू लागली. त्यावर उपाय आहे: लिनक्सची सोय चालू करून त्यात लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर आधीच बसवून ठेवायचं. मग वर्ड, एक्सेलच्या फाइली नेटशिवाय उघडतात. पण 4 जीबी रॅमच्या यंत्रावर ते उघडायला वेळ घेतं, हे मी रोज पाहते. 8 जीबी असेल तर त्रास नाही.

तेव्हा “नेट गेलं की डबा” हे आज बरोबर नाही. तयारी करून ठेवली तर रेंज नसलेल्या गावात लिहिणं, वाचणं, पाहणं, हिशोब मांडणं हे सगळं होतं. आणि दुसरी बाजूही पाहा. नेट नसताना भाच्याचा विंडोज लॅपटॉप विद्यार्थ्याच्या कोणत्या कामाचा असतो? प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, कॉलेजच्या गटावर आलेल्या नोट्स, सगळ्याला नेट लागतंच. फोनचा हॉटस्पॉट दोघांनाही सारखाच लावावा लागतो. लाइटचं म्हणाल तर तिथे क्रोमबुक सरस ठरतं. कमी वीज खाणारा प्रोसेसर आणि पंखा नाही, म्हणून माझ्याकडची यंत्रं सकाळी चार्ज केली की संध्याकाळच्या बॅचपर्यंत टिकतात. चार्जर टाइप-सीचा असतो, त्यामुळे बिघडला तर दुसरा सहज मिळतो.

मग “हा लॅपटॉपच नाही” हे वाक्य आलं कुठून? नोव्हेंबर 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक जाहिरात केली होती. त्यात एक बाई क्रोमबुक गहाण टाकायला दुकानात जाते आणि दुकानदार तिला सांगतो की हा खरा लॅपटॉप नव्हे, नेटशिवाय ही नुसती वीट आहे. प्रतिस्पर्ध्याने पैसे खर्चून पसरवलेलं ते वाक्य होतं. गंमत वाटेल, पण त्याच कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये शाळांसाठी विंडोज 11 एसई नावाची आवृत्ती आणि तिच्यासोबत 249 डॉलरचा एक छोटा लॅपटॉप आणला. बेताचा प्रोसेसर, वेबवर चालणारी कामं आणि शाळेने मंजूर केलेलेच प्रोग्रॅम बसवता येणार. जे क्रोमबुकचं दुबळेपण म्हणून दाखवलं जात होतं तेच शाळांना हवं होतं, म्हणून तसंच यंत्र त्यांनाही काढावं लागलं.

मागे गेलं तर हे आणखी स्पष्ट होतं. 1983 मध्ये अमेरिकेत टँडी कंपनीचा टीआरएस-80 मॉडेल 100 हा संगणक आला. मांडीवर मावणारा, साधारण 1.4 किलोचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. पडद्यावर फक्त आठ ओळी दिसायच्या. आत मोडेम होता. तिकडचे वार्ताहर त्यावर बातमी लिहायचे, टेलिफोनची तार जोडायचे आणि कार्यालयात पाठवून द्यायचे. आजच्या भाषेत हलका, थोड्या साठवणीचा आणि जोडणीच्या भरवशावरचा संगणक. लॅपटॉपच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. त्याच्या आठ ओळींमुळे तो लॅपटॉप नाही असं कुणी म्हणत नाही, कारण ज्या कामासाठी घेतला ते काम तो पुरेपूर करत होता.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या लहानशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हातात दिले गेले. भारतातली ती पहिली शाळा. त्या यंत्रात 1 जीबी साठवण होती आणि विंडोज नव्हतं. उन्हात वाचता येईल असा पडदा होता आणि शेजारच्या दोन यंत्रांची इंटरनेटशिवायही आपापसात जोडणी व्हायची. आपल्यासारख्या शाळांमध्ये खरी अडचण काय असते हे ओळखून ते घडवलेलं होतं. पहिल्यांदाच संगणकाला हात लावणाऱ्या त्या मुलांसाठी तो लॅपटॉपच होता. यंत्र पूर्ण की अपुरं हे त्याला दिलेल्या कामावर ठरतं, असं मी मानते.

आता तुमच्या मुलीच्या कामाकडे येते. बी.कॉम. करणाऱ्या मुलीने टॅली शिकायचीच असं धरून चालते. आमच्या भागात बाजारपेठेतलं दुकान असो, सीएचं ऑफिस असो की पतसंस्था, पहिल्या नोकरीला पहिला प्रश्न तोच असतो. टॅलीप्राइम, म्हणजे टॅलीची आताची आवृत्ती, हा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. क्रोमबुकवर तो बसत नाही. ब्राउझरमध्ये अहवाल पाहता येतात, नोंदी करण्याचा सराव होत नाही. क्लाउडवरची, म्हणजे नेटवरून दुसऱ्याच्या संगणकावर चालणारी, टॅली भाड्याने मिळते, पण तिला दरमहा पैसे मोजावे लागतात आणि तिथे मात्र भाचा म्हणतो तसं होतं: रेंज गेली की काम थांबलं.

शिवाय एक बारीक गोष्ट, जी टॅली शिकवणाऱ्यालाच जाणवते. टॅली बोटांनी शिकायची असते. एफ5 दाबलं की पेमेंट, एफ6 ला रिसीट, एफ7 ला जर्नल, एफ8 ला सेल्स, एफ9 ला पर्चेस. चांगली मुलगी माउसला हात न लावता दिवसाच्या नोंदी उरकते. क्रोमबुकच्या कळफलकावर एफ1 ते एफ12 अशी रांगच नसते. तिथे मागे जाणं, पान ताजं करणं, उजेड, आवाज अशा कळा असतात. कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ असते. दुसरी कळ धरून एफ-कळांचं काम करून घेता येतं, पण बोटांना जी सवय लागायला हवी ती लागत नाही.

टॅलीइतकीच आडवी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे प्रिंटर, आणि तिचा विचार घरी कुणीच करत नाही. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या टेबलापर्यंत कॅनन एलबीपी 2900 आणि एचपी लेझरजेट 1020 ही दोन जुनी यंत्रं अजून राबतात. दोन्हींना संगणकात स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो आणि क्रोमबुकला थेट जोडून ती चालत नाहीत. नवे वायफायचे प्रिंटर बहुधा विनातक्रार चालतात. घरी किंवा काकांच्या ऑफिसात जुना प्रिंटर असेल तर हे आधी तपासून घ्या.

तिसरं म्हणजे मराठी. युनिकोडमध्ये मराठी लिहायला क्रोमबुकवर काही अडचण नाही, सेटिंगमध्ये मराठी कळफलक जोडला की झालं. पण छापखान्यात, वर्तमानपत्राच्या कार्यालयात किंवा जुन्या सरकारी फाइलींवर काम असेल तर श्रीलिपी, आयएसएम अशी सॉफ्टवेअर लागतात, ती विंडोजची. शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही हाच इशारा देते. शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. टंकलेखनाच्या परीक्षेसाठी म्हणून त्याच्या वडिलांनी उसाच्या बिलातून क्रोमबुक घेऊन दिलं होतं आणि सरावाचं सॉफ्टवेअर त्यावर बसेना. दुकानात “सगळं चालतं” असं सांगितलं होतं. ‘सगळं’ म्हणजे काय, हे ना त्यांनी विचारलं ना दुकानदाराने सांगितलं. मी त्याला केंद्रात येऊन सराव करायला जागा दिली, तो पासही झाला. पण त्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि हे एवढं लांब लिहिण्यामागे तो चेहरा आहे.

इतर क्षेत्रांचं झटपट सांगते. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांना कोरलड्रॉ लागतं: क्रोमबुक नको. निविदा भरणाऱ्यांना, सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावावं लागतं: नको. मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांना सॉलिडवर्क्ससारखे प्रोग्रॅम लागतात: नको. एक्सेल लागतं पण साधंच, तर वेबवरचं एक्सेल चालतं. मॅक्रो (एक्सेलमध्ये कामं आपोआप करणाऱ्या सूचना) लागत असतील तर त्यात ते चालत नाहीत. कला शाखा, बी.एड., पत्रकारिता, शिक्षकांचं काम, ऑनलाइन वर्ग, घरातल्या आजोबांना नातवाशी बोलायला: अशा ठिकाणी डोळे मिटून घ्या, फक्त 8 जीबी रॅमचं घ्या.

इथे भाच्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. “क्रोमबुक नको” म्हटल्यावर दुकानदार त्याच किमतीचा विंडोज लॅपटॉप पुढे करतो. सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी ईएमएमसी. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते, म्हणजे हे यंत्र अगदी उंबरठ्यावर उभं आहे. ईएमएमसी ही मदरबोर्डवर डाग देऊन (सोल्डर करून) पक्की बसवलेली साठवणीची चिप असते, एसएसडीपेक्षा बरीच संथ, आणि नंतर बदलता येत नाही. विंडोज आणि एखादं-दुसरं सॉफ्टवेअर बसल्यावर जागा उरते ती थोडीच. वर्षभरात मोठं अपडेट येतं, त्याला जागा पुरत नाही, मग ते अर्धवट अडकतं आणि मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येते: “मॅडम, चालूच होत नाही.” अशा यंत्रात मी काही करू शकत नाही. रॅम वाढवता येत नाही, डिस्क बदलता येत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या यंत्रांपैकी ‘अपुरा लॅपटॉप’ हे नाव मला कुणाला द्यायचंच झालं तर ते मी याला देईन, क्रोमबुकला नाही. क्रोमबुक तेवढ्याच ताकदीच्या प्रोसेसरवर हलकं काम नीट करतं, कारण त्याची सिस्टीम त्या ताकदीचा विचार करून बांधलेली आहे.

दुरुस्ती करणारी म्हणून क्रोमबुकबद्दल मला आदर वाटतो. त्यात सिस्टीमच्या दोन प्रती असतात. अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढतं आणि यंत्र बंद करून चालू केलं की ती वापरात येते. मधेच लाइट गेली, बॅटरी संपली, तरी पहिली प्रत शाबूत असते. चालू होताना यंत्र स्वतःची तपासणी करतं आणि सिस्टीममध्ये कुणी ढवळाढवळ केली असेल तर ते पकडतं. विंडोजचे व्हायरस तिथे चालतच नाहीत. आमच्याकडे येणारे निवृत्त मुख्याध्यापक चार वर्षं क्रोमबुकवर आपल्या गावाचा इतिहास लिहितायत. मध्ये एकदा त्यांच्या यंत्रावर चहा सांडला आणि मदरबोर्ड गेला. ईएमएमसीवरची माहिती परत काढणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून मी घाबरले होते. त्यांनी नवं यंत्र घेतलं, खातं उघडलं आणि तासाभरात सगळी प्रकरणं पडद्यावर परत आली, शेवटच्या परिच्छेदासकट. विंडोजवर नुसत्या डेस्कटॉपवर साठवून ठेवलेले प्रबंध कायमचे गेलेले मी पाहिलेत. एका मुलीचं सहा महिन्यांचं काम होतं ते.

याची दुसरी बाजूही आहे. सगळं एका खात्यात असतं, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर जपायला हवा. मुलं सिम बदलतात आणि खातं मात्र जुन्या नंबरला बांधलेलं राहतं. त्यातून झालेले घोळ मी निस्तरलेत, काही निस्तरता आले नाहीत.

आणखी एक गोष्ट क्रोमबुक घेणाऱ्या प्रत्येकाने पाहायची: अपडेट कधीपर्यंत मिळणार. गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये दहा वर्षं आपोआप अपडेट द्यायचं जाहीर केलं. ही दहा वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या हार्डवेअरवर बांधलंय ते बाजारात आल्यापासून मोजतात. दुकानात पडून राहिलेलं यंत्र घेतलं तर त्यातली काही वर्षं आधीच संपलेली असतात. यंत्र चालू करून सेटिंग्ज, मग अबाउट क्रोमओएस, मग ॲडिशनल डीटेल्स इथे गेलं की महिना आणि साल लिहिलेलं दिसतं. ते दुकानातच पाहा.

सेकंडहँड क्रोमबुक घेताना तर दोनदा विचार करा. शाळांनी किंवा कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली यंत्रं फार स्वस्तात मिळतात. त्यांतल्या काही यंत्रांची नोंद जुन्या संस्थेच्या ताब्यातून काढलेली नसते. असं यंत्र कितीही वेळा पुसून कोरं केलं तरी चालू होताना त्या संस्थेचंच खातं मागतं. माझ्याकडे असं एक आलं होतं, मला ते सोडवता आलं नाही, आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. पैसे देण्यापूर्वी आपलं स्वतःचं खातं त्यावर उघडून पाहायचं, एवढी एक खबरदारी पुरे.

जिओबुकबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानात पुढे करतील म्हणून लिहिते. 2023 मध्ये 16,499 रुपयांना आलेलं जिओबुक 990 ग्रॅमचं, 4जी सिमची सोय असलेलं, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवणीचं होतं. सिस्टीम जिओची स्वतःची. आत मोबाइलसारखा मीडियाटेकचा प्रोसेसर असल्याने “नंतर विंडोज टाकून देतो” असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. टॅलीचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

घरात एखादा जुना विंडोज लॅपटॉप पडून आहे का, हेही बघा. विंडोज 10 चं नेहमीचं अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं आणि विंडोज 11 न चालणारी कितीतरी यंत्रं कपाटात गेली. त्यांवर क्रोमओएस फ्लेक्स ही मोफत सिस्टीम बसवता येते. पेन ड्राइव्हवरून आधी न बसवताच चालवून पाहता येते. तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत, बाकी वेबवरचं सगळं काम होतं. गेल्या दिवाळीत एका प्राथमिक शाळेच्या सहा जुन्या यंत्रांवर मी ती बसवून दिली. मुलं आता त्यावर बसतात. धाकट्या भावंडासाठी ही सोय होईल, मुलीसाठी नाही.

मुलीसाठी माझा सल्ला असा. त्याच पैशांच्या आसपास, फार तर दोन-तीन हजार वर घालून, कंपन्यांनी वापरून काढलेला चांगल्या प्रतीचा रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) लॅपटॉप घ्या: डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड किंवा एचपीचा एलिटबुक. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण त्याच्या आधीच्या पिढ्यांना, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही. रॅम 8 जीबी, 256 जीबी एसएसडी. वजन क्रोमबुकपेक्षा थोडं जास्त भरेल, बॅटरी कमी टिकेल, आणि जुनी बॅटरी असेल तर वर्षभरात बदलायची तयारी ठेवा. पण हा उघडता येतो. रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, कळफलक गेला तर नवा बसतो. (काही बारीक मॉडेलांत रॅम डाग दिलेली असते, ते विचारून घ्या.) बिलावर दुकानाचा शिक्का आणि निदान सहा महिन्यांची हमी लिहून घ्या. तोंडी हमी घेऊ नका.

टॅली लगेच विकत घ्यायची गरज नाही. टॅलीप्राइम शिक्षणासाठी मोफत चालवता येते. त्यात महिन्यातल्या फक्त 1, 2 आणि 31 या तारखांच्या नोंदी होतात, बाकी बहुतेक सगळं खऱ्यासारखंच. शिकायला एवढं भरपूर आहे आणि एकदा बसवली की नोंदींच्या सरावाला रेंज लागत नाही. डॉक्स, शीट्स, क्लासरूम हे सगळं विंडोजवरच्या क्रोममध्ये तिला मिळेलच.

तुम्ही क्रोमबुकसाठी आगाऊ रक्कम दिली असेल तर उद्याच दुकानात जा आणि मुलीलाही सोबत न्या. खोका फोडलेला नसेल तोवर बदलून मिळण्याची शक्यता बरीच असते. एकदा तिचं खातं त्यावर उघडलं गेलं की दुकानदार ते वापरलेलं धरतो.